हातोहात खपली ती माझी सवत

मी बोलतेय. कोण बोलतंय ते आधी सांगून टाकते, कारण हल्ली माझ्या कव्हराकडे कोणी नीट बघत नाही. मी ‘पाताळवाट’ नावाच्या खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे. पहिल्या आवृत्तीतली एक प्रत. आणि मला राग आलेला आहे. पुस्तकानं समजूतदारपणे बोलावं, शेवटी दोन गोड शब्द सांगावेत, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती इथेच सोडा.

पाताळवाट हा सोंगट्यांचा खेळ नाही. टेबलाभोवती चार माणसं बसतात. त्यातलं एक वाटाड्या होतं. ते सांगतं, “तुम्ही जमिनीखालच्या बोगद्यात आहात. गुडघाभर पाणी. पुढे दोन तोंडं फुटली आहेत, डाव्या तोंडातून वारा येतोय. काय करता?” बाकीच्यांनी एकेका पात्राचं सोंग घेतलेलं असतं. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी पळून आलेला शिपाई. त्या सोंगातूनच उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. आणि फाशाचं ऐकायचं कसं, ते मी ठरवते.

मला जिनं रचलं ती पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा शाखेत होती. ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत, मीही तेच म्हणते. उंच स्टुलावर बसून, ट्रेसिंग कागदावर वाकून, तिनं सगळी नोकरी शहराखालचे नळ काढण्यात घालवली. जमिनीवरचं शहर तिला धड ठाऊक नव्हतं. घरापासून चार गल्ल्या पलीकडचा पत्ता विचारला तर ती चुकायची. पण कुठल्या चौकाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, कुठला बोगदा बुजवलाय आणि कुठला नुसताच कागदावर बुजवलाय, हे डोळे मिटून सांगायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारायच्या. ही डबा उरकून टाइपरायटरवर बसायची. माझी चौऱ्याण्णव पानं अशी अर्ध्या अर्ध्या तासानं झाली.

तिला एक भाऊ होता. धाकटा. त्याचे केस पांढरे झाले तरी ती त्याला धाकटाच म्हणायची. तो छापखान्यांना शाई विकायचा आणि विकण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. बोलायला लागला की समोरचा माणूस घड्याळ बघायला विसरायचा. मला छापून घेतलं ते त्यानंच. एका छापखान्यात कोणीच न घेतलेली तपकिरी शाई पडून होती, त्या शाईत आम्ही तीनशे बहिणी निघालो. म्हणून माझी अक्षरं काळी नाहीत. डिंकानं चिकटवण्याचं यंत्र त्या आठवड्यात बंद होतं, म्हणून आम्हाला दोऱ्यानं शिवलं. ती शिवण माझा एकुलता एक दागिना होता.

माझ्या कव्हरावर फक्त ‘पाताळवाट’ एवढंच छापलेलं आहे. रचणाऱ्याचं नाव नाही. का, तर सरकारी नोकरीत पुस्तक काढायचं म्हणजे खात्याची परवानगी लागते. नकाशेबाई म्हणाली, “राहू दे रे. कोण त्या अर्जांच्या मागे लागणार? नाव नसलं म्हणून काय खेळ अडतोय?” मागच्या बाजूला, प्रती मागवण्यासाठी म्हणून, धाकट्याचं नाव आणि पत्ता तेवढा छापला.

त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दर रविवारी सकाळी दहा वाजता तिच्या जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला जायचा. नकाशेबाई वाटाड्या. तिच्या उजव्या हाताला दातांची डॉक्टरीण, जी जगात कोणाला घाबरत नसे, पण खेळात मात्र प्रत्येक दार काठीनं ढोसल्याशिवाय उघडत नसे. समोर घड्याळं दुरुस्त करणारे काका, तासात दोन वाक्यं बोलणारे. आणि डाव्या हाताला धाकटा. खरं सांगायला हवं, आणि सांगताना माझी पानं आखडतात, की त्याच्यासारखा खेळाडू नव्हता. तो सोंग घ्यायचा म्हणजे खुर्चीवर उभा राहायचा. त्याच्या चोरानं तुरुंगाच्या पहारेकऱ्याला स्वतःची सासू आजारी असल्याचं सांगून रडवलं, तेव्हा घड्याळकाका हसून हसून खोकायला लागले होते.

फक्त तो लबाडी करायचा. फासा तळहाताखाली झाकून टाकायचा आणि मोठा आकडा सांगून पटकन उचलायचा.

नकाशेबाई तोंडानं काही बोलायची नाही. पेन्सिल घ्यायची आणि माझ्या समासात लिहायची. तिची पेन्सिल नकाशावाल्यांची, कडक शिशाची. रेघ केसाएवढी बारीक. सतरा वर्षांत तिनं माझे सगळे समास भरून टाकले. कुठला नियम अडतो, कुठला राक्षस कंटाळवाणा आहे, कुठे डॉक्टरीणबाई रुसल्या. मी तिची स्वतःची प्रत होते. बाकीच्या दोनशे नव्याण्णव कुठे गेल्या त्याची मला पर्वा नव्हती.

एक मात्र गेली ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत. तिथूनच घात झाला.

एक दिवस दाढदुखीनं बेजार झालेली एक बाई तिथे दीड तास खोळंबून बसली. ती खेळ आणि खेळणी काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीत संपादक होती. तिनं गाल धरून माझी ती बहीण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, उलटली, मागचा पत्ता उतरवून घेतला आणि दाढ काढून झाल्यावर तडक धाकट्याकडे गेली. कव्हरावर नाव नाही, मागे नाव आहे. कोणीही तेच केलं असतं. प्रश्न तिचा नव्हता. प्रश्न असा होता की धाकट्यानं काय उत्तर दिलं.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, “आमच्या ताईचा खेळ आहे.” दुसऱ्या भेटीत, “आम्ही भावंडांनी केलाय.” दोन महिन्यांत ‘माझा’वर आला. हे सगळं तो रविवारी टेबलावर स्वतःच्या तोंडानं रंगवून सांगायचा, फक्त शेवटचं सोडून. ते शेवटचं मला फार पुढे कळलं.

नकाशेबाई नुकतीच निवृत्त झाली होती. तो म्हणाला, “तू कशाला दगदग करतेस? मीटिंगा, सह्या सगळं मी बघतो. आता खात्याची भानगडही नाही. कव्हरावर नाव तुझं, ठळक.”

“आणि शेवटचा नियम बदलायचा नाही,” ती म्हणाली. माझ्या शेवटच्या पानावर एकच नियम आहे: पाताळात मेलेलं पात्र परत येत नाही.

“छे छे. त्याला कोण हात लावतंय!”

दीड वर्षानं तो नवीन आवृत्ती घेऊन आला. प्लॅस्टिकच्या वेष्टनात बांधलेली. माझ्या तिप्पट जाड, गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं, आणि वास असा की टेबलावरच्या फळांचा वास मेला. कव्हरावर एक राक्षस जबडा फाडून उभा. वर ‘पाताळवाट’ सोनेरी अक्षरांत, आणि खाली एकच नाव. धाकट्याचं.

ही माझी सवत.

नकाशेबाईनं चष्मा पुसला. कव्हर पाहिलं. मग आतलं पहिलं पान, मग दुसरं. तिचं नाव सापडलं ते शेवटून तिसऱ्या पानावर. ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, चहा पुरवणाऱ्या कॅन्टीनच्या वर.

“धाकट्या, हे काय?”

“ताई, कव्हरावर जागाच नव्हती गं. चित्रकारानं एवढा राक्षस काढला…”

“राक्षसाच्या दातांना जागा आहे. मोजले मी आता. चाळीस आहेत.”

तो हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. “पुढच्या छपाईत घालू. वचन.”

तिनं सवत पूर्ण वाचली, दोन दिवस घेऊन. मी शेजारी पडून होते आणि वाट बघत होते की ही कधी एकदा तिला फेकते. ती काय म्हणाली असेल? “सूची चांगली केलीय. माझ्यात सापडायचं नाही काही.” वाचता वाचता एकदा तर ती कौतुकानं हुंकारली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोगद्यात पूर येतो तो नियम माझ्यात खरोखर गोंधळाचा होता, आणि सवतीनं तो चार ओळींत सोडवला होता. हे मी कबूल करते आणि परत करणार नाही.

मग ती शेवटच्या नियमापाशी आली. नव्यात लिहिलं होतं: मेलेल्या पात्रानं एक रात्र विश्रांती घेतली की ते पूर्ण शक्तीनिशी उठतं.

तिनं फोन लावला. “हा नियम कोणी बदलला?”

“अगं, लोकांना मरायला आवडत नाही,” पलीकडून धाकटा म्हणाला. “कंपनीनं पन्नास जणांना खेळायला बसवून बघितलं. पात्र मेलं की माणसं उठून घरी जातात.”

“जाऊ देत की. परत येतात. डॉक्टरीणबाई तीन वेळा गेल्या, तीन वेळा आल्या. दार ढोसून उघडायला त्या शिकल्या त्या कशामुळे?”

“ताई, खपायला हवं ना.”

आणि खपली हो. अशी खपली की विचारू नका. पाच हजार प्रती नऊ दिवसांत संपल्या. पुस्तकांच्या दुकानांसमोर माणसं दुकान उघडायच्या आधी रांगेत उभी राहिली. दुसरी छपाई गाडीतून उतरेपर्यंत तिसरीचा कागद मागवावा लागला. वर्तमानपत्रात धाकट्याचे फोटो. एका मुलाखतीत तो म्हणाला, “घरात सगळ्यात धाकटा मी. मोठ्यांचं लक्ष वेधायला मला लहानपणापासून गोष्टी रचाव्याच लागायच्या.” नकाशेबाईनं ती मुलाखत कात्रीनं कापली, घडी घातली आणि माझ्या पानांत ठेवली. नको ती माझ्या अंगाला चिकटवायची, पण माझं ऐकतो कोण?

घेणाऱ्यांबद्दलही सांगते. घड्याळकाकांच्या दुकानात येणाऱ्या तीन गिऱ्हाइकांनी सवत घेतली होती. एकानं तिचा वास घेतला, फोटो काढला आणि फळीवर उभी केली. दुसऱ्यानं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं, म्हणाला, “जपून ठेवलीय.” कोणापासून? तिसरा म्हणाला, “खेळायला माणसं कुठे जमतात?” तुम्हा माणसांना नवी वस्तू हवी असते ती वापरायला नाही, मागे पडलो नाही एवढं सिद्ध करायला. राग आला? येऊ दे. मला सतरा वर्षं हातांचा घाम लागलाय, मी बोलणार.

नकाशेबाई मात्र रविवारी खेळत राहिली. माझ्यावरूनच. धाकटा आता येत नसे, त्याला वेळ नव्हता.

तो आला एका गुरुवारी. हातात फुलं.

“ताई, एक मागू? तुझी ती जुनी प्रत चार दिवस दे. कंपनीला बघायचीय. तुझं नाव कुठे, कसं घालायचं ते ठरवताहेत.”

तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मी मनात म्हणत होते, नको, नको गं बाई. पण ती त्याची थोरली बहीण. नाव ऐकल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला, तो मी पाहिला.

“शनिवारी परत हवी,” ती म्हणाली. “रविवारी खेळ आहे. आणि शिवणीला धक्का लागता कामा नये. जुना दोरा आहे.”

“डोळ्यांत तेल घालून जपतो.”

तिनं मला धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून दिलं.

खरी गोष्ट वेगळी होती. सवतीच्या यशानं कंपनीला नवी भूक लागली होती. ज्यांनी नवी घेतली त्यांना आता ‘मूळ’ही हवी होती. तेव्हा कंपनीनं ठरवलं की पहिली आवृत्ती जशीच्या तशी छापायची, खेळाच्या जनकानं स्वतःच्या हातानं समासात केलेल्या नोंदींसह. ‘जनक’ म्हणजे धाकटा. माझ्या नोंदींबद्दल त्यानंच बढाई मारली होती. संपादकबाईला वाटलं, त्याच्याच आहेत. त्यानं तिचा समज तसाच राहू दिला. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं. त्यानं फक्त मिटलं.

मला एका पांढऱ्या खोलीत नेलं. पानांचे फोटो काढणारा माणूस मला उलटून पालटून म्हणाला, “साहेब, शिवलेलं आहे. पान सपाट बसत नाही. शिवण कापू का? कापली की परत तशी होणार नाही.”

धाकट्यानं घड्याळाकडे पाहिलं.

“कापा.”

एवढंच. एक शब्द. यंत्राचं पातं खाली आलं आणि माझी पाठ गेली.

शनिवार गेला, रविवार गेला. नकाशेबाईनं तो खेळ आठवणीवर चालवला, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. फोन केला की धाकटा म्हणायचा, “कंपनीत अडकलीय गं, कागदपत्रांमुळे.” मी कपाटात सुट्ट्या पानांचा गठ्ठा होऊन पडले होते. ‘मूळ पाताळवाट’ निघाली तीही हातोहात गेली. माझाच चेहरा लावलेल्या हजारो मुली, आणि एकीलाही शिवण नाही. सगळ्या डिंकानं चिकटवलेल्या.

मग सह्यांचा कार्यक्रम ठरला. एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात, भर दुपारी. टेबलावर धाकटा, शेजारी संपादकबाई, आणि त्याच्या कोपराशी काचेच्या पेटीत मी, पहिलं पान वर करून. रांग दाराबाहेर रस्त्यावर गेली होती. तो प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होता, आणि काय छान बोलत होता. एका आजोबांना त्यानं राक्षसाचा आवाज काढून दाखवला. माझीही क्षणभर फसगत झाली असती.

एक बाई पुढे आली. साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी. तिच्या ‘मूळ पाताळवाट’मध्ये कागदाच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या खोचलेल्या. म्हणजे हिनं वाचली होती. त्या रांगेत बहुधा एकटीनंच.

“सही नको मला,” ती म्हणाली. “एक विचारायचंय. हा धाकटा कोण?”

“कोण धाकटा?”

“तुमच्या नोंदींतला.” तिनं चिठ्ठी धरून पान उघडलं. “एकतीस. ‘धाकटा परत फासा झाकून टाकतो. फासा सगळ्यांसमोर पडला पाहिजे असा नियम हवा.’ चव्वेचाळीस. ‘हा राक्षस मला आवडत नाही, पण धाकट्याला फार आवडला. ठेवते.’ साठ. ‘धाकटा आज आला नाही. त्याच्याविना मजा नाही.’”

धाकट्यानं मान पुढे काढून पान बघितलं. त्यानं ती पानं कधीच वाचली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सतरा वर्षं माझ्या शेजारी बसून त्यानं एकदाही समास वाचला नव्हता.

“माझा… माझा धाकटा भाऊ,” तो म्हणाला.

“पण मुलाखतीत तुम्ही म्हणालात, घरात सगळ्यात धाकटे तुम्हीच.”

मागचे चार जण पुढे झुकले.

“आणि इथे ‘ठेवते’ असं लिहिलंय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. “मी टपाल कचेरीत आहे. ज्या पत्रांवरचा पत्ता वाचता येत नाही, ती माझ्या टेबलावर येतात. दिवसभर अक्षरंच बघते. हे नकाशे काढणाऱ्याचं अक्षर आहे, आकडे पट्टी लावल्यासारखे. तुम्ही आता माझ्या पुढच्या माणसाच्या पुस्तकावर तारीख घातलीत. तुमचा नऊ वेगळा आहे.”

“बाई, रांग मोठी आहे,” धाकटा म्हणाला.

“हो, मोठी आहे,” ती म्हणाली. “कोणासाठी उभी आहे तेवढं सांगा.”

त्यानं पेनाचं टोपण लावलं. परत काढलं. संपादकबाई माझ्या पेटीवर वाकून समास वाचत होती आणि तिच्या मानेपर्यंत लाली चढत गेली. तो काही बोलेल म्हणून सगळे थांबले. ज्या माणसानं आयुष्यभर बोलून विकलं, त्याला त्या वेळी एक वाक्य सुचलं नाही. मला आनंद झाला. लपवत नाही. पोटभर आनंद झाला.

संपादकबाई दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, दाढेसाठी नाही. डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या तोंडात आरसा धरूनच तिला सांगितलं, “खेळ ताईंचा आहे. मी सतरा वर्षं त्यांच्या टेबलावर बसतेय. तुम्ही माझ्याकडेच पुस्तक वाचलंत की. मला विचारलंत कुठे?”

आता तुम्हाला वाटेल, सत्य बाहेर आलं, दुष्टाचं तोंड काळं झालं. झालं ना. वर्तमानपत्रात सगळं आलं. आणि परिणाम काय? सवत परत संपली! आदल्या वर्षी ज्यांनी घेतली नव्हती त्यांनीही घेतली, भानगड काय आहे ते बघायला. माझ्या बाईचा अपमानसुद्धा हातोहात खपला.

संपादकबाई मला खोक्यात घालून घरी घेऊन आली. मान खाली. “ताई, आम्ही पुढच्या छपाईपासून कव्हरावर तुमचं नाव घालतोय. आणि ही प्रत आम्ही चामड्यात बांधून देऊ, उत्तम कारागिराकडून.”

“विचारायला आलात की कळवायला?” नकाशेबाईनं विचारलं.

ती अडखळली. “कळवायलाच.”

“मग कळलं. नाव घाला, ते माझंच आहे. प्रत आहे तशी राहू दे. चामडं घातल्यावर तुम्हाला बरं वाटेल, तिला नाही.”

ती गेल्यावर नकाशेबाईनं खोकं उघडलं. पानं एकेक करून टेबलावर लावली, एक ते चौऱ्याण्णव. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. रडली नाही. तोंड मात्र असं घट्ट मिटलं होतं की मीच नजर वळवली असती, वळवता आली असती तर.

धाकटा तीन आठवड्यांनी आला. फुलं नव्हती. दारातच उभा राहिला, तिनं बस म्हटलं नाही.

“ताई, आता नाव घातलं ना?”

“ते टपालातल्या बाईनं घातलं.”

“मी चुकलो. पण एक सांग. मी विकलं नसतं तर हा खेळ कोणाला कळला असता? तीनशे प्रती खपायला सहा वर्षं लागली होती. तुझा खेळ तुझ्या टेबलावरच राहिला असता.”

“खरं आहे,” ती म्हणाली. तो चमकला. “तू नसतास तर राहिलाच असता. तू विकलास. तेच लिहायचं होतंस की. रचला तिनं, विकला मी. मी ते चारचौघांना दाखवत फिरले असते.”

तो हळूच म्हणाला, “रविवारी येऊ खेळायला? तुझ्या शेवटच्या नियमानं. मेलो तर मेलो.”

घड्याळकाका त्या वेळी आत बसले होते. ते नंतर म्हणाले की त्यांना वाटलं, हो म्हणेल. मलाही वाटलं. साठाव्या पानावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे.

“नको,” नकाशेबाई म्हणाली. “शिवणीला धक्का लागू देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं मी तुला. एवढं एकच सांगितलं होतं.”

आणि तिनं दार लावलं. जोरात नाही. त्याची पावलं खाली जाऊन ऐकू येईनाशी होईपर्यंत दाराशी उभी राहिली, मग आत येऊन चहा टाकला, घड्याळकाकांना आणि स्वतःला. त्याला आता दोन वर्षं होत आली. तो आला नाही, तिनं बोलावलं नाही.

आजची माझी स्थिती अशी. मी टेबलावर सुटी पडलेली असते. पानांना वर दगड ठेवावा लागतो, पंखा लावला की मी उडते. डॉक्टरीणबाई हवं ते पान उचलून नेतात आणि भलत्याच ठिकाणी ठेवतात. अपमान आहे, पण सोयीचा आहे असं सगळे म्हणतात. गेल्या महिन्यापासून आणखी एक झालंय. नकाशेबाई रोज सकाळी लाल शाईचं पेन घेऊन माझ्यासमोर बसते. तिला वाटतंय, पाताळवाट परत नीट लिहावी. कंपनीसाठी नाही, खपण्यासाठी नाही, तिच्या मनासारखी.

म्हणजे आणखी एक नवीन आवृत्ती. माझी आणखी एक सवत, आणि तीही माझ्याच अंगावर लिहून.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य वाचलं, जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं, आणि त्याच्यावर एक लांब लाल काट मारली. मला वाटलं होतं, मी पेटून उठेन. नव्याचा द्वेष करण्यात माझं आयुष्य गेलं. पण मी हूं की चूं केलं नाही. कागद ताठ धरला, शाई फुटू नये म्हणून.

मार गं. तू मार. तुझा हात आहे.

बाकीच्यांनी हात लावायचा नाही.